घोरणे व घशाची शस्त्रक्रिया

आपल्या नासिक क्षेत्राचे नाव शूर्पणखेच्या नासिकेवरून पडले, अशी कथा पंचवटीत सांगितली जाते. तिचा भाऊ कुंभकर्ण हा तर निद्रेविषयी प्रसिद्धच आहे. कोणी मोठ्याने घोरू लागला म्हणजे ‘कुंभकर्ण गाढ झोपला’ असे आपण थट्टेने म्हणतो. परंतु नित्य घोरणाऱ्याची झोप पुष्कळदा गाढ नसते. ती कशी मोडते व तीवर उपाय कोणते, हे या पाठात पाहू.

विद्यार्थीमित्रहो, आरसा समोर धरून तोंड उघडा. टाळूचा पुढील भाग कठीण व मागील भाग मऊ असतो. मऊ टाळूच्या मध्यावर पडजीभ लोंबते व दोन्ही बाजूंस टॉन्सिलच्या गाठी असतात. जागेपणी घशाचे स्नायू हा मार्ग मोकळा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. मार्ग अरुंद झाला की श्वासाच्या झोताने मऊ टाळू व पडजीभ वाऱ्यातील पिंपळपानाप्रमाणे थरथरतात. तोच घोरण्याचा नाद होय.

काहींचा मार्ग मधून मधून अजिबात मिटतो. दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, आणि मेंदू त्या मनुष्यास क्षणभर अर्धवट जागा करून श्वास पुन्हा सुरू करवितो. असे रात्रीतून अनेकदा घडले, तर दिवसा डोळे मिटू लागतात व रक्तदाबही वाढतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करण्यात आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शेकडा १९.५ जणांचा श्वास झोपेत अडखळत असल्याचे आढळले. दिवसाच्या झोपाळूपणासह हा विकार शेकडा ७.५ जणांस होता. संगीत दिग्दर्शक बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारले. त्यांना इतरही आजार होते. तथापि मृत्यूचे कारण म्हणून डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले.

मग घसाच रुंद का करू नये? जपानातील डॉक्टर इकेमात्सु यांनी घोरण्यावरील अशा शस्त्रक्रियेचे वर्णन १९६४ साली प्रसिद्ध केले. १९८१ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथील डॉक्टर फुजिता यांनी श्वास थांबण्याच्या विकारावर ती योजिली. रोग्यास भूल देऊन टॉन्सिल, पडजीभ व मऊ टाळूची कड कापून टाकतात. पुढे एकदोन आठवडे गिळताना फार वेदना होतात. रक्तस्रावाचे भय असते. क्वचित पाणी नाकावाटे परतते. शिवाय अडथळा जिभेच्या मुळाशी असला, तर टाळू कापून काय लाभ? १९९६ साली पूर्वीचे निष्कर्ष एकत्र तपासले असता या शस्त्रक्रियेने शंभरांत सुमारे ४१ जणांस पुरेसा गुण आल्याचे दिसले.

त्याच १९८१ साली ऑस्ट्रेलियात डॉक्टर सलिव्हन यांनी मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन मार्ग उघडा ठेवण्याची युक्ती काढली. म्हणून प्रौढांनी प्रथम वजन घटवावे, मद्य वर्ज्य करावे, कुशीवर निजावे. विकार ठरल्यास हे यंत्र वापरावे. निद्रेची रीतसर तपासणी झाल्यावाचून शस्त्रक्रियेस तयार होऊ नये.

मुलांची गोष्ट मात्र निराळी. त्यांच्यात वाढलेले टॉन्सिल व नाकामागील अ‍ॅडिनॉइडची गाठ हेच बहुधा कारण असते. घोरणाऱ्या प्रत्येक मुलास शस्त्रक्रिया लागते असे नाही. परंतु श्वास थांबण्याचा विकार ठरल्यास या गाठी काढणे हा सामान्यतः पहिला उपाय असून, त्याने पुष्कळ मुलांस चांगला गुण येतो.

पालकांस विनंती की, वर्गात पेंगणाऱ्या वा चिडचिड करणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी रात्री त्याच्या उशाशी थोडा वेळ बसावे. ते नित्य घोरते काय, तोंडाने श्वास घेते काय, घोरणे थांबून काही क्षणांनी दचकून श्वास ओढते काय, हे पाहावे. तसे आढळल्यास छडी ठेवून द्यावी आणि त्यास कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे.