अंगावरच्या खुणा बघताना

इंझोरी गावात आशा स्वयंसेविका म्हणून काम करताना बाळंतिणीच्या घरी जन्मानंतरच्या ठरलेल्या दिवशी जावंच लागतं: 3, 7, 14, 21, 28 आणि 42. बाळाचं दुपटं सोडलं की आधी डोळ्यांत भरतात त्या अंगावरच्या खुणा. त्या, आणि घरातल्या इतरांच्याही, बघत बघत जे उमगलं, ते लिहिते.

1. ग्रहणाचा दोष सुनेच्या माथी मारू नका. बाळाच्या कमरेवर निळसर डाग दिसला की "ग्रहणात भाजी चिरली असेल" असं घरात सुरू होतं. ती बिचारी आधीच थकलेली असते. रंग देणाऱ्या पेशी कातडीत खोलवर राहून गेल्या की असा डाग दिसतो. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना तो असतो आणि बहुतेकदा शाळेत जायच्या वयापर्यंत विरतो.

2. लाल डागांचे दोन प्रकार ओळखा. जन्मानंतर काही आठवड्यांत उगवणारा, फुगीर लाल डाग आधी भराभर वाढतो आणि मग काही वर्षांत आपोआप ओसरतो. मात्र तो डोळ्याजवळ, नाकाओठांवर असेल किंवा चिघळला असेल, तर पहिल्या काही महिन्यांतच डॉक्टर गाठा. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं औषध त्यावर चालतं, हे 2008 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. दुसरा सपाट, जांभळट लाल. हा जात नाही. कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर डोळ्याचा दाब आणि झटके यांसाठी तपासणी हवी.

3. चहाच्या रंगाचे एकदोन डाग असले तर काळजी नको. लहान मुलाला 5 मिलिमीटरपेक्षा मोठे असे 6 किंवा जास्त डाग असतील तर दाखवा.

4. सर्वांत जास्त जीव तुटतो तो फिकट चट्ट्यापायी. "आशाताई, जन्माचंच हाये ते," म्हणतात. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कुणी बघतच नाही. मी डोळे मिटायला सांगते, कापसाच्या टोकाने चट्ट्याला हळूच स्पर्श करते आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगते. बोट हललं नाही, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र; असा सुन्न चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. कुष्ठरोगावरचे बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. थोडे चट्टे असतील तर 6 महिने, जास्त असतील तर 12. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं, तेव्हा घरातून बाहेर काढलेल्या माणसांना आसरा हवा होता. आज गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर बोटंही वाचतात, घरही. तरीही लोक लपवतात, याचं फार वाईट वाटतं.

5. तळपाय आणि नखं बघा. सावळ्या कातडीत तिळाचा कर्करोग विरळा, पण झालाच तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. शेतात काटे, ठेचा रोजच्याच, म्हणून "रक्त साकळलं" म्हणून सोडून देतात. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. जागेवरच राहणारी, रुंद होत जाणारी काळी रेघ वेगळी. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याला हाच कर्करोग झाला होता; 1981 साली तो 36 व्या वर्षी गेला. इतर कुठलाही तीळ वेडावाकडा पसरू लागला, कडा फाटल्यासारख्या झाल्या, रंग मिसळले, 6 मिलिमीटरच्या वर गेला किंवा त्यातून रक्त आलं, तर थांबू नका.

6. बिब्बा, चुना, ॲसिड, घोड्याचा केस, यातलं काहीही तिळावर नको. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, जखम चिघळते, आणि तपासायला तुकडा घ्यावा तर मूळ तीळच उरलेला नसतो.

7. शंका असेल तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढा, महिन्याने पुन्हा काढा. मात्र रक्त येत असेल, चट्टा सुन्न असेल किंवा वर सांगितलेली धोक्याची खूण असेल तर महिनाभर वाट बघू नका. आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग गाठा. सरकारी ओपीडी सकाळची असते, म्हणून पहिल्याच गाडीने निघा.