मोडी कागदावरचे साल कसे ओळखावे?

प्रश्न : आमच्या घरी बैल आणि दाणागोट्याच्या हिशेबाचा एक मोडी कागद आहे. त्यावर ‘छ १२ रजब, सन खमस तिसैन मया व अलफ’ असे लिहिले आहे. आकड्यांची बेरीज ११९५ होते. हे हिजरी साल धरले तर कागद १७८१ चा ठरतो. बरोबर आहे का? (एक वाचक, जामखेड)

उत्तर : बेरीज अचूक आहे. खमस पाच, तिसैन नव्वद, मया शंभर आणि अलफ हजार. पेशवाईतले कारकून साल असेच एककापासून चढत लिहीत. पण ११९५ हे हिजरी नव्हे, सुहूर सन आहे. इथेच पुष्कळ जण फसतात, कारण त्याच ओळीतला महिना मात्र खरोखरच हिजरी असतो. ‘छ’ ही चंद्रदर्शनापासून मोजलेल्या तारखेची खूण.

हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ते ऋतूंच्या मागे सरकत राहते. शेतसारा मात्र पिकावर वसूल करायचा. म्हणून दख्खनेत सूर्य मृगात शिरला की सुरू होणारे सौर वर्ष वापरात आले. १३४४ साली दोन्ही सनांचा आकडा ७४५ असा एकच होता. तिथून हिजरी दर बत्तीस-तेहेतीस वर्षांनी एकेक वर्ष पुढे जात राहिली. कागदाच्या काळापर्यंत हे अंतर चौदा वर्षांचे झाले होते, आणि नेमकी तेवढीच चूक तुमच्या हिशेबात आली आहे.

सुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११९५ च्या सुहूर वर्षात रजब जानेवारीच्या उत्तरार्धात लागला. म्हणजे कागद फेब्रुवारी १७९५ च्या आरंभीचा, शके १७१६ च्या माघ शुद्ध पक्षातला. नेमकी तारीख मोडकांच्या जंत्रीत पडताळून घ्या. नक्कल करताना मूळ मितीची ओळ जशीच्या तशी उतरवा आणि इसवी सन वेगळा लिहा. नुसता इसवी आकडा ठेवला तर पुढच्या वाचणाऱ्याला तो तपासता येत नाही.

आता तो हिशेब पुन्हा वाचा. त्या हिवाळ्यात पेशव्यांच्या फौजा निजामावर निघाल्या होत्या आणि ११ मार्च १७९५ रोजी तुमच्याच तालुक्यात खर्ड्याची लढाई झाली. हे बैल कोणाच्या हुकमाने आणि कुठे गेले, याचा उल्लेख कागदात आहे का, ते जरूर कळवा.