कामावर पाय घसरू नये म्हणून

‘काही नाही हो, नुसता पाय घसरला,’ असे म्हणत मनगट धरून दवाखान्यात येणारा कामगार आपल्याकडे नवा नाही. क्ष-किरण फोटो काढला की हाड मोडलेले दिसते. मग दीड महिना प्लास्टर, आणि रोजावर काम करणाऱ्याची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. म्हणून ‘नुसते पडणे’ हलके मानू नये.

पडण्याचे प्रकार तीन. जमीन ओली वा तेलकट असली की टाचेला पकड मिळत नाही, पाय पुढे सरकतो आणि माणूस पाठीवर पडतो. वाटेत वायर, पाइप किंवा गोणी असली की पाऊल अडते, पण अंग पुढे जाते आणि माणूस तोंडावर आपटतो. तिसरा प्रकार शिडी, माळा किंवा पत्र्यावरून पडण्याचा. हा सर्वांत घातक.

धाटावच्या कारखान्यात सांडलेले तेल वा रसायन, पेणच्या गणपती कारखान्यात जमिनीवरची ओली शाडू, भातगिरणीत साचलेला कोंडा, हॉटेलच्या मोरीजवळचे साबणाचे पाणी, ही सारी घसरण्याची ठिकाणे. त्यात कोकणचा पाऊस आणि पायरीवरचे शेवाळ!

उपाय साधे आहेत. सांडलेले तेल लगेच पुसावे. तेलावर नुसते पाणी ओतू नये. रसायन मात्र माहितगारानेच योग्य ती साधने वापरून काढावे. येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवावी. जिन्याला कठडा आणि पुरेसा उजेड हवा. झिजलेल्या तळाची चप्पल कामावर वापरू नये. दोन्ही हातांत ओझे घेऊन शिडी चढू नये. शिडी चार हात उंचीवर टेकली असेल, तर तिचा पाया भिंतीपासून एक हात दूर असावा.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३२ ने जमीन, जिने व वाटा मजबूत, मोकळ्या आणि न घसरणाऱ्या ठेवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. तेव्हा ‘बघून चालता येत नाही का?’ असे म्हणून सारा दोष कामगाराच्या माथी मारणे बरोबर नाही.

कोणी पडलेच, तर त्याला घाईने उठवू नये. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर जागेवरून न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सुजलेला भाग चोळू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. डोक्याला मार लागला असेल, तर निदान एक दिवस एकटे सोडू नये. उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा नाका-कानातून रक्त वा पाणी येणे यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे.

उद्या कामावर गेल्यावर आपल्या वाटेवर एकदा नजर टाका. सांडलेले दिसले तर पुसा, पडलेले दिसले तर उचला. मागून येणारा आपलाच सोबती असतो.