घंटेवरची मेरीमाता

मुलांनो, वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली गाव आहे. नाना फडणवीसांचा वाडा तिथलाच. तिथल्या घाटावर देवळापाशी मी एक भली मोठी घंटा पाहिली. जवळ जाऊन बघतो तो काय, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरीमाता!

ही इथे कशी? सन १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, देवळांत टांगल्या. भीमाशंकरलाही अशीच एक आहे.

घंटेवरचे चित्र मात्र कोणी घासून काढले नाही. म्हणून तिचा इतिहास आज कळतो.

लहानपणी मी एका देवळाच्या खांबावर खिळ्याने माझे नाव कोरले होते. घंटा पाहून त्याची लाज वाटली. तुम्ही तसे करू नका बरं!