वेबसाईट पडण्याआधी : परफॉर्मन्स टेस्टिंगची तोंडओळख

मागच्या वर्षी आपल्या टेक-फेस्टच्या रोबोटिक्स वर्कशॉपचं रजिस्ट्रेशन रात्री १० वाजता ऑनलाईन सुरू झालं, ते आठवतंय ना? जागा होत्या ६०. दोनच मिनिटांत पान उघडेनासं झालं, हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये आरडाओरडा सुरू झाला आणि साडेदहाला यादी बघितली तर नावं ७१! जास्तीच्या ११ जणांना 'सॉरी' म्हणायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते पान मी लिहिलं होतं. त्यातला फर्स्ट इयरचा एक मुलगा म्हणाला, "ताई, पण मला कन्फर्मेशनचा मेल आलाय." त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे तेच उत्तर, जरा उशिरा दिलेलं.

माझ्या लॅपटॉपवर ते पान अगदी व्यवस्थित चालत होतं. पण तिथे ते वापरणारी मी एकटीच होते! पान बरोबर काम करतं का, हे बघणं म्हणजे फंक्शनल टेस्टिंग. खूप लोक एकदम आल्यावरही ते वेळेत आणि बरोबर काम करतं का, हे बघणं म्हणजे परफॉर्मन्स टेस्टिंग.

मेसची रांग

आपली मेस डोळ्यांसमोर आणा. मिनिटाला १० मुलं आत येतात आणि प्रत्येक जण २० मिनिटं आत असतो. म्हणजे कुठल्याही क्षणी आत १० × २० = २०० मुलं असणार. याला 'लिटल्स लॉ' म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली तो सिद्ध केला. वेब सर्व्हरलाही हाच हिशोब लागू पडतो. खुर्च्या १५० असतील तर उरलेली मुलं ताट घेऊन उभी राहतात, आणि सर्व्हरवर त्यालाच आपण 'साईट हँग झाली' म्हणतो.

आता तीन शब्द लक्षात ठेवा. रिस्पॉन्स टाईम म्हणजे एका रिक्वेस्टचं उत्तर यायला लागलेला वेळ. थ्रूपुट म्हणजे सेकंदाला किती रिक्वेस्ट पूर्ण होतात ते. एरर रेट म्हणजे शंभरातल्या किती फसल्या ते.

इथे सरासरीवर भरवसा ठेवू नका. समजा १०० रिक्वेस्टपैकी ९० ना अर्धा सेकंद लागला आणि १० ना १० सेकंद. सरासरी येते १.४५ सेकंद. ऐकायला छान, पण दहा जण वैतागून बसलेत! म्हणून '९५ पर्सेंटाईल' बघतात, म्हणजे ९५ टक्के रिक्वेस्ट किती वेळाच्या आत पूर्ण झाल्या तो आकडा. आपल्या उदाहरणात तो थेट १० सेकंद येतो.

सुरुवात कशी करायची?

मी अपाचे जेमीटर वापरलं. ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि जावा असेल तिथे चालतं. (पायथॉन येत असेल तर लोकस्ट बघा, जावास्क्रिप्ट येत असेल तर केसिक्स.)

१. आधी उद्दिष्ट कागदावर लिहा. उदा. 'एका वेळी १०० मुलं, ९५ पर्सेंटाईल २ सेकंदांच्या आत, एरर शून्य.' नुसतं 'फास्ट हवं' हे उद्दिष्ट नव्हे.

२. जेमीटरमध्ये 'थ्रेड ग्रुप' बनवा. एक थ्रेड म्हणजे एक खोटा युजर. 'रॅम्प-अप' म्हणजे सगळे युजर किती वेळात आत सोडायचे ते. १०० थ्रेड आणि ५० सेकंद रॅम्प-अप दिलं तर दर अर्ध्या सेकंदाला एक नवा युजर येतो.

३. त्यात एचटीटीपी रिक्वेस्ट टाका. लॉगिन असेल तर 'कुकी मॅनेजर' विसरू नका. मध्ये 'टायमर' ठेवा, कारण खरा माणूस फॉर्म भरताना विचार करतो. आणि पानावर योग्य मजकूर आला का, हे 'असर्शन' लावून तपासा. नाहीतर एररचं पानसुद्धा पास म्हणून मोजलं जाईल.

४. आधी १ युजर, मग ५, २५, ५०, १०० असं वाढवत न्या. खिडकीवाला मोड फक्त टेस्ट बनवायला. खरी टेस्ट कमांड लाईनवरून चालवा, नाहीतर जेमीटर स्वतःच दमतं. शक्यतो सर्व्हरच्याच मशीनवर जेमीटर चालवू नका.

५. टेस्ट चालू असताना सर्व्हरचा सीपीयू, मेमरी आणि डेटाबेसवर नजर ठेवा. आकडे 'किती' ते सांगतात. 'का' ते इथे सापडतं.

आमचं काय चुकलं होतं?

फेस्ट संपल्यावर मी लॅबमध्ये हीच टेस्ट चालवली, मध्ये टायमर न लावता. १ युजरला ३ सेकंद, २५ ला जवळपास तेवढेच, ५० ला ६ आणि १०० ला १२ सेकंद! थ्रूपुट मात्र ८ च्या पुढे हलेना. सर्व्हरचा सीपीयू निवांत होता, म्हणजे तो काम करत नव्हता, कशाची तरी वाट बघत होता.

कोड उघडला आणि डोक्यात ट्यूब पेटली. मी आधी जागा मोजत होते, मग कन्फर्मेशनचा मेल पाठवत होते, मग नाव लिहीत होते. मेल जायला ३ सेकंद लागायचे. सर्व्हर एका वेळी २५ च रिक्वेस्ट घेत होता. २५ भागिले ३ म्हणजे साधारण ८. लिटल साहेबांचा हिशोब तंतोतंत! शिवाय मोजणं आणि लिहिणं यांत ३ सेकंदांची फट. तेवढ्या वेळात आलेल्या सगळ्यांना 'जागा शिल्लक आहे' असंच दिसलं, म्हणून ७१ नावं.

उपाय सोपा होता. जागा मोजणं आणि नाव लिहिणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, लॉक लावून. आणि मेल नंतर, वेगळ्या स्क्रिप्टमधून. पुन्हा टेस्ट केली तेव्हा १०० युजरलाही ९५ पर्सेंटाईल १ सेकंदाच्या आत आला आणि यादीत बरोबर ६० नावं. खरं म्हणजे फेस्टच्या आधी एकाच युजरची टेस्ट केली असती तरी ते ३ सेकंद मला खटकले असते. ती एक दुपार मी वाचवली आणि ११ जणांना ती महागात पडली.

दोन पथ्यं

पहिलं, दुसऱ्याच्या साईटवर परवानगीशिवाय कधीही लोड टाकू नका. तो हल्लाच ठरतो, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये तो बसतो. आपल्या कॉलेजच्या सर्व्हरसाठीही आधी लॅबच्या सरांना विचारा. दुसरं, टेस्टमध्ये खऱ्या मुलांचे ई-मेल पत्ते टाकू नका. रात्री दोन वाजता शंभर मेल आले तर अख्खा मजला तुमच्या दारात येईल.

यंदाही फेस्टचं रजिस्ट्रेशन ऑनलाईनच आहे. ज्युनियर्सनी पान लिहिलंय, टेस्ट आम्ही मिळून करतोय. ज्याला शिकायचंय त्याने शनिवारी लॅबमध्ये यावं. साईट पडायचीच असेल तर ती आपल्याच हातून, आधीच पडलेली बरी!