आटे जपावेत

रत्नागिरीच्या भाच्याला

चि. निखिल यास,


बुलेट घेतलीस, तीही १९७० च्या सुमाराची, हे ऐकून आनंद झाला. पण सगळे गंजके बोल्ट फेकून एकदम चकचकीत स्टेनलेसचा सेट बसवायचा तुझा बेत कळला, म्हणून लगेच लिहायला बसलो. बोल्ट निवडताना तो दिसतो कसा, हे शेवटी बघायचं. तो कशात जातो आणि काय धरून ठेवतो, हे आधी.

गाडी मद्रासची असली तरी आराखडा इंग्लंडातल्या रेडिचचा, त्यामुळे आटेही इंग्रजी. व्हिटवर्थ, बीएसएफ, सायकल थ्रेड, सगळे एकाच गाडीवर भेटतील. शिवाय इतक्या वर्षांत ज्या मिस्त्रींच्या हातून ती गेली, त्यांनी मिळेल तो बोल्ट आवळलेला असणार. तेव्हा जो निघाला तोच मूळचा, असं धरून चालू नकोस.

दुकानात अडीच सुती बोल्ट मागितलास तर मेट्रिक मापाचा एम-८ हातात पडण्याचा संभव जास्त. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. एम-८ पुरता ८. डोळ्यांना फरक कळत नाही. पण इंचामागे व्हिटवर्थला १८ आटे, बीएसएफला २२, सायकल थ्रेडला २६ आणि एम-८ ला वीसच्या आसपास. एम-८ एक-दोन फेरे बिनबोभाट जातो, मग अडतो. तिथे पाना लावून जोर केलास की बोल्टला काही होत नाही. ॲल्युमिनियमच्या क्रँककेसचे आटे मात्र खोबऱ्याच्या किसासारखे बाहेर येतात. बोल्ट काही रुपयांत मिळतो, क्रँककेस मिळत नाही. नवा बोल्ट आधी हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे, पाना त्यानंतर.

दोन सुतीत फसगत आणखी बारीक आहे. तिथे बीएसएफ आणि सायकल थ्रेड, दोन्हींना इंचामागे २६ च आटे. पण बीएसएफचा कोन ५५ अंश, सायकल थ्रेडचा ६०. नट चढतो, बसल्यासारखाही वाटतो, पण आटे पुरते टेकत नाहीत. म्हणून व्हर्नियर आणि पिच गेज घे. गेजचं पातं आट्यांत बसवून उजेडासमोर धर. उताराला कुठे उजेडाची रेघ दिसली तर ते माप तुझं नव्हे.

पानेही इंग्रजी मापाचे घे. त्यांवर कोरलेला आकडा जबड्याचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. १/४ डब्ल्यूचा, म्हणजे व्हिटवर्थचा पाना जिथे बसतो, तिथे १३ मिलिमीटरचा चढत नाही आणि १४ चा फिरून डोक्याचे कोपरे खातो.

आता स्टेनलेस. बाजारात सर्रास मिळतो तो ए२-७०. तो ४५० मेगापास्कलच्या आसपास कायमचा ताणला जायला लागतो, डोक्यावर ८.८ असलेला पोलादी बोल्ट ६४० पर्यंत तग धरतो. त्यामुळे ॲक्सल, ब्रेकचा टॉर्क आर्म, सिलिंडर हेड, इंजिन माउंटिंग इथे स्टेनलेसचा हट्ट नको. मडगार्ड, नंबर प्लेट, टूलबॉक्सला खुशाल लाव. ॲल्युमिनियममध्ये लावायचाच झाला तर आट्यांना अँटी-सीझ चोपड, कारण तुमच्या खाऱ्या हवेत स्टेनलेस शाबूत राहतं आणि शेजारचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळू नकोस. दोन्ही एकमेकांत जाम होतात.

लांबीही बघ. ॲल्युमिनियममध्ये दांड्याच्या जाडीच्या निदान दीडपट खोलीचे आटे पकडीत हवेत. भोक आरपार नसेल तर आत तार घालून खोली माप. लांब बोल्ट तळाला टेकला की कव्हर सैलच राहतं आणि आपण उगाच आवळत बसतो.

कव्हर उघडताना पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढ, भोकं पाड आणि निघालेला बोल्ट त्याच्या जागी खोच. शेजारी जाडी, आटे, लांबी लिही. व्हिटवर्थचे बोल्ट मुंबईत नागदेवी स्ट्रीटला शोधू. सायकल थ्रेडचे न मिळाले तर चांगल्या टर्नरकडून लेथवर करून घेऊ, पण भोकात नवा टॅप मारायची घाई करू नकोस.

सेटची ऑर्डर तूर्त राहू दे. आधी पुठ्ठ्यांचे फोटो पाठव. मूळचे कोणते आणि नंतर घुसवलेले कोणते, हे ठरलं की मगच खरेदीची यादी करू.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा