आकाशी की केतकी?

खोलीच्या भिंतींना कोणता रंग द्यावा, हा निव्वळ आवडीचा प्रश्न आहे असे आपण धरून चालतो. आमच्या घरी आजीच्या खोलीचे रंगकाम निघाले, तेव्हा फिका आकाशी आणि फिका केतकी असे दोन रंग पुढे आले. दोन्ही सारखेच सोज्वळ. त्यांतून एक निवडताना जो विचार करावा लागला, तो येथे मांडते.

पहिला विचार प्रकाशाचा. खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. अशा खिडकीतून वर्षातील बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात आकाशी रंग अधिकच थंड दिसतो, तर केतकी उबदार राहतो. रात्री पिवळ्या दिव्याखाली आकाशी करडा वाटू लागतो.

दुसरा विचार शेजाराचा. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने 1839 साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की शेजारचा रंग बदलला की तोच रंग वेगळा भासतो. खोलीतील करडी शहाबादी फरशी केतकी भिंतीजवळ किंचित निळसर वाटते. म्हणजे केतकी निवडला तरी निळ्याची थोडी झाक खोलीत राहतेच.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा विचार पाहणाऱ्या डोळ्यांचा. वाढत्या वयात डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवू लागते. मोतीबिंदूमुळे चित्रकार मोने याच्या चित्रांतील रंग तांबूस-तपकिरी होत गेले. 1923 मध्ये त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आजीलाही मोतीबिंदू आहे. आम्हाला प्रसन्न वाटणारा आकाशी तिला मळकट दिसत होता.

शेडकार्डावरील इवल्या तुकड्यावरून निर्णय करू नये. चारही भिंतींवर रंग चढला, की एकीचा प्रकाश दुसरीवर पडून तो अधिक गडद भासतो. म्हणून दोन-दोन फुटांचे चौकोन, मध्ये पांढरी जागा सोडून, दोन हात देऊन रंगवावेत. ते वाळल्यावर सकाळी, दुपारी व दिवेलागणीला पाहावेत. आणि ज्याला त्या खोलीत राहायचे आहे, त्याला आधी विचारावे.

आजीने केतकीवर बोट ठेवले. दाराची चौकट मात्र गडद तपकिरी केली. रात्री उठल्यावर तिला दार चटकन दिसावे, यासाठी भिंत आणि चौकट यांतील उजळ-गडद भेद कोणत्याही छटेपेक्षा अधिक उपयोगी पडतो.